सतरा नंबरची हजेरी

बाहेरून कडी पडली तेव्हा माझ्या तोंडात टूथपेस्ट होती.

त्याआधी दारावर थाप पडली होती, हे मान्य. "आत कोणी आहे का?" असं आमच्यातल्याच कुणीतरी विचारलंही होतं. मी "उंऽ" केलं. तोंडात फेस असताना माणूस दुसरं काय करणार? आणि खरं सांगायचं तर तोंड रिकामं असतं तरी फार फरक पडला नसता. आज मला ओळखणाऱ्यांचा विश्वास बसत नाही, पण तेव्हा माझा आवाज असा होता की शेजारी बसलेली मुलगीसुद्धा "काय?" म्हणायची. ती "काय?" म्हणाली की मी म्हणायचे, "काही नाही."

तर कडी पडली, पावलं पळत गेली. मी चूळ भरली, तोंड पुसलं, दार ढकललं. दार ढिम्म.

मी सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शाळेचं मुलींचं लेझीम पथक जिल्ह्यात दुसरं आलं आणि त्या आनंदात सगळ्यांच्या आयांनी मिळून आम्हाला कोकणात न्यायचं ठरवलं. कराडहून एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक सुमो. सगळ्या मुली आणि सोबतीला तीन आया. त्यांची पुढारी चित्रामावशी, म्हणजे माझ्या जिवलग मैत्रिणीची, शर्वरीची, आई. गुहागरच्या अलीकडे विचारेकाकांचं घर आहे, तिथे पाहुणे उतरतात. पुढे ओटी, मागे परस, आणि परसात एकटंच उभं असलेलं हे न्हाणीघर. जाड लाकडी दार, वर पत्रा, आणि हात पुरणार नाही इतक्या उंचीवर एक जाळी.

विचारेकाकांनी आल्याआल्या एकच नियम सांगितला होता. "न्हाणीघरातून बाहेर पडलात की बाहेरची कडी घालायची. विसरायचं नाही. नाहीतर वानर आत शिरतं नि साबण पळवतं. दोनदा माझं शेव्हिंगचं सामान नेलंय."

आमच्या पोरींना हा नियम इतका आवडला की येता-जाता कुणालाही ते दार दिसलं की ती कडी घालायची. रिकामं असो नसो. शिस्तीचं पथक ना!

मी दार ठोकलं. त्याच वेळी पुढच्या अंगणात टेम्पोचं इंजिन सुरू झालं, गाणी लागली आणि चित्रामावशीचा आवाज आला, "चला, नंबर!"

आता हे नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. लेझीमच्या रांगेत जिचा जो नंबर, तोच सहलीत. गाडीत चढलं की एकीने आपला नंबर ओरडायचा, मग पुढचीने, आणि शेवटचा सतरा आला की गाडी सुटायची. सतरा मी. रांगेच्या टोकाची. शर्वरी सोळा.

"एक!" "दोन!" "तीन!"

मी दोन्ही हातांनी दार बडवत होते. "थांबा! मी इथेय!" असं काहीतरी म्हणतही होते. पण मला ते ओरडणं वाटत होतं. दाराला ते पुटपुटणं वाटलं असणार.

"चौदा!" "पंधरा!" "सोळा!"

मी थांबले. आता सतरा यायचा नाही, शांतता पसरेल, मावशी म्हणेल, "अरे, गिरिजा कुठाय?" आणि कुणीतरी धावत येईल. मी चक्क केस नीट केले, बाहेर पडताना बावळट दिसायला नको म्हणून.

"सतरा!"

बारीक, जरा अडखळत, शेवटी विझत गेलेला आवाज. माझा आवाज! फक्त तो शर्वरीने काढला होता.

टेम्पो गेला, मागून सुमो गेली. गाणं लांब लांब जात ऐकू येईनासं झालं.

मला शर्वरीचा राग आला नाही. ती नेहमीच माझा नंबर ओरडायची. पहिल्या दिवशी चिपळूणला मी स्वतः ओरडले होते, तर चित्रामावशीला ऐकूच आलं नाही. सगळ्यांना पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली आणि टेम्पोभर "ऑ, गिरिजाऽ" झालं. तेव्हापासून शर्वरीने ते काम अंगावर घेतलं. तशी ती माझी पुष्कळ कामं करायची. हॉटेलात माझ्यासाठी मागवायची, बाईंना माझी अडचण सांगायची. आदल्या रात्री विचारेकाकूंनी ओल्या काजूंची उसळ वाढायला घेतली तेव्हा माझ्या ताटावर हात धरून तीच म्हणाली होती, "हिला नको काकू, हिला काजूने उलटी होते." तिसरीत एका वाढदिवसाला काजूकतली खाऊन मला एकदा उलटी झाली होती. कतल्या मी अकरा खाल्ल्या होत्या, ही गोष्ट मागे पडली आणि काजू कायमचे बंद झाले.

आणि आज तर मी सुमोत बसणार होते, कारण टेम्पोत मला मळमळतं. म्हणजे शर्वरी टेम्पोत, तिला वाटतंय मी सुमोत. सुमोतल्यांना वाटतंय, सतरा नंबर ऐकला की आपण, म्हणजे ती शर्वरीजवळ आहे.

उतरल्यावर तरी कळेल, मी मनात म्हटलं. पहिल्या वळणावर कळेल. शर्वरीला कळेलच. ती गाडी वळवायला लावेल.

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि वाट बघायला लागले.

मे महिन्यातल्या पत्र्याखाली बसून वाट बघणं काय असतं, हे बसल्याशिवाय कळत नाही. आधी डोकं तापलं. मग भिंत तापली. साबणाचा गोड वास, ओल्या पंच्याचा वास, कोपऱ्यातल्या चुलाण्याच्या राखेचा वास, सगळे एकमेकांत मिसळून माझ्या नाकाशी येऊन बसले. पत्र्यावर धप्पकन काहीतरी पडलं आणि खरडत गेलं. वानर. म्हणजे ते बाहेर मोकळं आणि मी आत कडीबंद! मला रडूच फुटलं.

"कोण आहे गो तिकडे?"

मी दचकून उभी राहिले. मुलीचा आवाज होता.

"न्हाणीघरात कोण रडतंय? वानराचं पिल्लू असशील तर गप बस, माझी झोप मोडतेस."

मी बादलीवर चढले, जाळीच्या कडेला बोटं अडकवली आणि टाचा उंचावल्या. समोर घराची मागची खिडकी होती. खिडकीत गज, गजांमागे माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलीचा चेहरा, आणि तिच्या शेजारी उशीवर ठेवलेला, बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टरमधला पाय.

"मी... अडकलेय," मी म्हणाले.

"काय?"

"काही ना—" म्हणता म्हणता मी थांबले. काही नाही म्हणून भागण्यासारखं नव्हतं. "अडकलेय! बाहेरून कडी आहे!"

"आयला!" ती हसायला लागली. "आमच्या नियमाने शेवटी माणूस पकडलंच की. मी सानिका. विचारेंची. थांब, मी पण अडकलेय."

"तू कशी?"

"हे बघ की." तिने प्लॅस्टरवर टिचकी मारली. "आंब्यावरून पडले. महिना झाला. कुबड्या होत्या, पण परवा मी त्या घेऊन विहिरीपर्यंत गेले, म्हणून आईने त्या उचलून माळ्यावर ठेवल्यात. आईबाबा हळदीला गेलेत शेजारच्या गावात. दुपारपर्यंत येत नाय."

"फोन कर ना कुणालातरी."

"फोन आहे, रेंज नाय. रेंज फक्त फाटकाशी, फणसाखाली."

"मी बादली वाजवू?"

"वाजव. कोणसुद्धा येणार नाय. वानरं हाकलायला अख्खा गाव डबे वाजवतो. लोक म्हणतील, विचाऱ्यांकडे वानर आलंय, ते बरोबर हाकलतायत."

मला पुन्हा रडू यायला लागलं. सानिकाने ते ओळखलं असावं.

"ऐक," ती म्हणाली. "बागेपलीकडे साळवीकाकू आहेत. घरीच असतात. हाक मारली की पाच मिनटांत इथे."

"मग मार ना हाक!"

"माझ्या हाकेला त्या येत नाय."

"का?"

"मी रोज मारते म्हणून. कंटाळा येतो ना पडून. काकू, साप! काकू, पाय सुजला! चारदा आल्या बिचाऱ्या, पाचव्यांदा म्हणाल्या, आता खराच साप आला तरी मी येणार नाय." तिने गजांतून हात बाहेर काढून माझ्याकडे बोट केलं. "नवा आवाज लागेल. तूच ओरड."

जगात माझ्यावर कुणी कधी इतकं चुकीचं काम टाकलं नसेल.

"साळवीकाकू," मी म्हणाले.

"सुरू झाल्यावर सांग."

"हे ओरडलेच की मी!"

"मला वाटलं पाल चुकचुकली."

मी पुन्हा ओरडले. सानिकाने कानाला हात लावून मान हलवली. मी अजून एकदा ओरडले आणि मला खोकला आला.

"तुमच्यातल्या सगळ्या तर घर डोक्यावर घेतात," ती म्हणाली. "दोन दिवस ऐकतेय मी. इथे दर शनिवारी नवा ग्रुप येतो, मला चेहरे दिसत नाय, आवाज पाठ होतात. तुमची ती सात नंबर आहे ना, ती नाकात बोलते. अकरा नंबर कायम उशिरा. तुझा नंबर कितवा?"

"सतरा."

तिने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "खोटं."

"खरंच."

"सतरा नंबरला मी ओळखते. ती बारीक आवाजाची, घाबरट. आत्ता गाडीतून गेली की."

"ती शर्वरी. सोळा. ती माझ्यासाठी ओरडते."

"का? तुला घसा नाय?"

"माझा आवाज पोचत नाही. मग सगळ्यांना परत पहिल्यापासून मोजावं लागतं. वैतागतात."

"मग मोजू देत की! त्यांची बोटं झिजतायत काय?" सानिका गजांना नाक लावून माझ्याकडे बघत होती. "म्हणजे तू नसलीस तरी तू गाडीत असतेस. भारीच की. आणि आता समुद्रावर?"

"काय समुद्रावर?"

"तिथे नंबर झाले तर?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते तिच्याकडून ऐकेपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. तिथेही सोळा झाल्यावर सतरा येणार होता. परत निघतानाही येणार होता. माझी मैत्रीण इतकी चांगली होती की मी हरवणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. मोठ्या गाडीचा.

"आले!" मी बादलीवरच उडी मारली. "शर्वरीला कळलं! बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"तू कधी म्हटलंस?"

गाडी जवळ आली. फाटकाशी जरा हळू झाली. मी जाळीला कान लावला. मग गिअर बदलल्याचा कर्रकन आवाज झाला आणि ती तशीच पुढे निघून गेली.

"एसटी," सानिका हळूच म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "चिपळूणची."

मी खाली उतरले. दाराला पाठ लावून उभी राहिले. लाकूडसुद्धा गरम झालं होतं. मला तहान लागली होती. चुलाण्यावरच्या हंड्यात पाणी होतं, पण ते आंघोळीचं. मला कुणाचा राग आला होता ते मला सांगता येत नव्हतं. शर्वरीचा नव्हे. कडी घालणारीचा नव्हे. त्या बारीक आवाजाचा आला होता, जो टेम्पोत बसून समुद्रावर गेला होता आणि मला इथे ठेवून गेला होता.

"ए सतरा," बाहेरून सानिका म्हणाली. "काकूबिकू राहू दे. नुसता तुझा नंबर ओरड. तो तरी तुझा आहे ना?"

मी बादलीवर चढले. जाळीला तोंड लावलं.

"सतरा!"

"पाल."

"सतरा!"

"मांजर. बरं चाललंय."

"सतराऽ!"

"आता शेळी झाली!"

"सतराऽऽऽ!"

पत्रा झणझणला. खरंच झणझणला. वरचं वानर टुणकन उडी मारून पळालं. माझ्या पोटात कुठेतरी, लेझीम उचलून खाली बसताना ताण येतो तिथे, काहीतरी सुटं झालं होतं. मला वाटलं, अरे, हे इथे होतं होय! मग मी थांबलेच नाही. सतरा, सतरा, सतरा. सानिका प्लॅस्टरवर ताल धरून ओरडत होती, "अजून! अजून!" गावातली कुत्री सुरू झाली. कुणाच्या तरी गोठ्यातली गाय हंबरली.

पोफळीच्या बागेतून एक बाई पदर खोचत तरातरा येताना दिसल्या.

"काय गो सानिके!" त्या लांबूनच कडाडल्या. "साप झाले, पाय झाला, आता आकडे ओरडायला लागलीस? डोकं फिरलं की काय तुझं?"

"मी नाय काकू!" सानिका हसून हसून लोळत होती. "न्हाणीघर ओरडतंय!"

कडी निघाली. बाहेरचा उजेड एकदम अंगावर आला. साळवीकाकूंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढीशी पोर! नि तो भोंगा तुझा?"

आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात भारी बक्षीस.

काकूंनी मला तांब्याभर पाणी दिलं, फाटकाशी जाऊन चित्रामावशीला फोन लावला. लागला नाही. बोटीत असणार, काकू म्हणाल्या, लागेल थोड्या वेळाने. त्यांनी पुन्हापुन्हा लावून बघितला. मग त्या ओटीवर सुपारी सोलत बसल्या आणि मी सानिकाच्या खाटेवर चढून बसले. तिने मला तिच्या भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. आंब्यांच्या पेट्यांवर लिहायच्या खडूने तिने प्रत्येक ग्रुपचं एक चित्र काढलं होतं, फक्त आवाजांवरून. आमचं चित्र म्हणजे सोळा उघडी तोंडं आणि शेवटी एक टिंब.

"हे मी?" मी विचारलं.

"ती शर्वरी. तुला अजून काढायचीये." तिने खडू हातात फिरवला. "समुद्र कसा होता काल?"

"तू इथलीच ना?"

"महिनाभर बघितला नाय. इथून नुसता ऐकू येतो. भरतीला जास्त. दर शनिवारी गाड्या भरतात, नंबर होतात, जातात. परत येऊन सगळे वाळू झटकतात माझ्या खिडकीखाली. तेवढा समुद्र येतो माझ्याकडे."

ती हे हसतच म्हणाली. मी पण हसले. पण तिने खडूने नुसतीच भिंत खरडली, काढलं काहीच नाही.

गाड्या परत आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी उठून ओटीवर आले आणि खांबाशी उभी राहिले. आधी सुमोचं दार उघडलं, मग टेम्पोचं. सगळ्या ओल्या, तांबूस, खारट. उतरल्यावरही नंबर व्हायचेच.

"एक!" "दोन!"

मी गप्प राहिले. मला ऐकायचं होतं.

"पंधरा!" "सोळा!" आणि मग, जरा थांबून, बारीक, अडखळत, विझत, "सतरा."

समोर उभं राहून मी ते पहिल्यांदा ऐकत होते. हुबेहूब होतं. शर्वरीने मान किंचित खालीसुद्धा घातली होती, माझ्यासारखी. शाळेत कुणी इतकं मन लावून माझ्याकडे बघितलं नसेल. आणि चित्रामावशी समाधानाने म्हणाली, "चला, सगळ्या आहेत."

"सतराऽऽऽ!"

टेम्पोच्या ड्रायव्हरच्या हातातली किल्ली पडली. सगळ्यांच्या माना वळल्या. सात नंबर नाकातून म्हणाली, "दोन सतरा कशा काय?"

"गिरू?" शर्वरी पळत आली. "तू... तू सुमोत होतीस ना? मग सुमोवाल्यांच्या बोटीत?"

"नव्हते. न्हाणीघरात होते. तुम्ही निघायच्या आधीपासून. कडी घालून गेलात मला."

चित्रामावशी मटकन पायरीवर बसली. "अगं पण सतरा तर... मी स्वतः ऐकलं... बोटीत बसतानाही..."

शर्वरीचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल. "मला वाटलं तुझा आवाज ऐकू जाणार नाही म्हणून..." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "सवयच लागलीये गं मला."

"मला पण," मी म्हणाले.

ती रडायला लागली. मी तिला मिठी मारली. तिच्या केसांत इतकी वाळू होती की माझ्या तोंडात गेली. मग मी थुंकले, मग ती हसली.

दुपारी पंगत बसली. हळदीहून परतलेल्या विचारेकाकू ओल्या काजूंची कालची उसळ गरम करून घेऊन आल्या. शर्वरीने सवयीने माझ्या ताटावर हात धरला. माझ्याकडे बघितलं. आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मला वाढा काकू," मी म्हणाले. "भरपूर."

उलटी झाली नाही. तिसऱ्या वाढणीनंतर जरा वाटलं होतं होईलसं, पण नाही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत समुद्रावर जायचं होतं. गाड्या अंगणात तयार. या वेळी चित्रामावशी फाटकाशी उभी राहून डोळ्यांनीही मोजत होती. मी सुमोत, खिडकीशी. शर्वरी हट्ट करून माझ्या शेजारी.

"चला, नंबर!"

एकपासून निघालेली आरोळी टेम्पोतून सरकत आमच्या सुमोपर्यंत आली. "पंधरा!" "सोळा!" म्हणून शर्वरीने झटकन स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. टेम्पोतल्या खिडक्यांना नाकं लावून बघत होत्या.

मी मुद्दाम जराशी थांबले. मजा येत होती.

"सतराऽऽ!"

टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. आणि इंजिन सुरू होणार तेवढ्यात घराच्या मागून, पोफळीवरची पाखरं उडावीत असा आवाज आला.

"अठराऽऽऽ!"

चित्रामावशीने बोटं मोजली, गाडीकडे बघितलं, घराकडे बघितलं. "अठरा? आता हे अठरा कोण आणि?"

मी दार उघडून खाली उडी मारली.

"मावशी," मी म्हणाले, आणि फाटकापर्यंत सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं, "सुमोची मागची सीट पाय लांब करण्यापुरती रिकामी होईल ना?"